कुटं भ्या वाटतं, तेवढं सांग

आमच्या वाडीत भीती वाटते असं तोंडानं कबूल करणारी एकच बाई होती, माझ्या मालकांची आत्या. भित्री आत्या म्हणूनच सगळे तिला ओळखायचे. सरपण आणायला, ओढा ओलांडायला, कुठंही निघाली की सरळ सांगायची, "मला भ्या वाटतंय, चल माज्यासंगं." बाकीचे हसायचे. भ्यायचे तेही, पण तोंड मिटून.

आणि भ्यायला कारणं होती हो. मुळशी धरणाची वीज आमच्या डोक्यावरच्या तारांतून लांब निघून जायची, वाडीत मात्र रॉकेलची चिमणी. त्या वर्षी बिबट्यानं ओढ्याच्या उतारावरून शेळ्या नेल्या. शाळेतल्या पोरी दिवस मावळताना त्याच उतारानं वर यायच्या, त्यांत माझी मुलगी. ती नजरेस पडेपर्यंत मी दारातून हलत नसे.

अशात एका संस्थेचे साहेब आले. म्हणाले, देवळामागं उन्हावर चालणाऱ्या पाट्या बसवू, त्यांच्यावर दिवे लागतील. पण एकेकट्याला परवडायचं नाही. सगळ्या वाडीनं मिळून मागणी केली, तरच पाट्या येतील. एक घर जरी मागं राहिलं तरी जमायचं नाही.

ज्यांच्या आज्यापणज्यांची शेतं धरणाखाली गेली, त्यांना विजेच्या नावानंच धडकी भरायची. महादू पैलवान उठला. "आमाला न्हाई लागत दिवं. अंधाराला पोरं भित्यात." त्याच्यामागं आणखी काही घरं उठली, आणि माझ्या डोळ्यांपुढं तो उतार आला.

दुसऱ्या दिवशी आत्या दारात. "चल माज्यासंगं. एकटीला भ्या वाटतंय." घरोघर फिरलो आम्ही. दिवे किती हवेत, हे तिनं कुणालाच विचारलं नाही. "तुला कुटं भ्या वाटतं, तेवढं सांग," एवढंच म्हणायची. बायका आधी हसल्या, मग बोलायला लागल्या. कुणी विहिरीची पायरी सांगितली, कुणी न्हाणीमागची जागा, जिथं घोणस निघाली होती. एका विधवा बाईनं नुसतं आपल्याच दाराच्या कडीकडं बोट दाखवलं.

महादूच्या अंगणात तो म्हणाला, "आत्या, मी कशाला भितोय?"

आतून त्याची बायको बोलली, "मग गोठ्यात जाताना एवढ्या मोठ्यानं अभंग कशापायी म्हंता?"

"चांगला म्हंतोस रं," आत्या म्हणाली. "सगळ्या वाडीला ऐकू येतो."

खाली बघत महादू म्हणाला, "गोठ्याच्या दाराशी एक धरा."

सगळी घरं झाली, पण पाट्यांच्या ताकदीत एक दिवा बसेना. आत्यानं आपला सोडला. "माज्या दारचा उताराला लावा. पोरी येत्यात." वाडीत सगळ्यात भित्री ती, आणि अंधार राहिला तो तिच्याच दारात.

दिवे लागले. माझी मुलगी आता उतारावरूनच दिसायची. आत्या रात्री आमच्याकडं जेवायची आणि मी तिला पोचवून यायची. परतताना मी एकटी, चिंचेपर्यंत अंधार, जीव मुठीत. ती दारात उभी राहून हाका मारायची.

"कुटवर गेलीस?"

"चिंचेपाशी."

"आता?"

"पोचले."

"मग लाव कडी."

पुढं मालक म्हणाले, तिच्या दाराला एक दिवा जोडून घेऊ. ती ऐकेचना. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दिवा आला का मग तू कशाला येशील?" दिवे लागल्यापासून वाडीत कुणी कुणाला पोचवायला जाईनासं झालं होतं, ते तिनं माझ्या आधी पाहिलं होतं.

बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात तापानं गेली ती. मग वाडीनं तिच्या दाराशी दिवा लावला. तिच्या कोंबड्या अजून तिच्याच पडवीत बसतात, त्या कोंडायला मी तिन्हीसांजेला जाते. वाट लख्ख दिसते. तरी परत फिरले की पाठीमागून हाक येत नाही, आणि मी मागं वळून बघते. म्हणून आता मीही सुनेला सरळ सांगून निघते, मला भ्या वाटतंय.

ती आमच्या ओट्यावर येऊन उभी राहते. "आई, कुटवर आलात?"

"चिंचेपाशी," मी म्हणते.