सरांची पिशवी
माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते तालुक्याच्या शाळेतल्या मराठीच्या सरांचे. ओल्या कापडी पिशवीचा वास आला की आजही ते आठवतात. एकदा वर्गात कुणाचं तरी घड्याळ हरवलं आणि सगळे वस्तीवरच्या एकाच मुलाकडे बघू लागले, तेव्हा सरांनी झडती स्वतःच्या पिशवीपासून सुरू केली होती. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या कोर्टात मी चोरीचा आरोप असलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा वकील होतो. निकाल देणाऱ्या ज्युरीतल्या बारा सामान्य नागरिकांच्या मनात रंगाबद्दल काय आहे, हे इथे वकिलाला आधी विचारता येत नाही. म्हणून शेवटच्या भाषणात मी म्हणालो, "पहिल्या भेटीत माझ्या अशिलाला पाहून मी माझी बॅग जवळ ओढली. त्याने काहीच केलं नव्हतं. तुम्हीही आधी स्वतःला तपासा, मग पुरावा बघा." तो निर्दोष सुटला. बाहेर पायऱ्यांवर मी हात पुढे केला. "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणून तो पावसात निघून गेला. त्या संध्याकाळी खोलीत एकट्याने बसून मी पत्र लिहिलं: "सर, आज मी आधी माझी पिशवी उलटी केली. तो सुटला. पण तुमच्या पिशवीत काही नव्हतं. माझ्या पिशवीत मात्र निघालं."