तिसऱ्या पंगतीचा बिल्ला

कोल्हापूरहून सुटलेली एसटी दुपारी स्वारगेटला पोचली. हातात एक पिशवी होती आणि खिशात पोस्टकार्ड. आमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाण्यांवर माझा एक लेख आला होता, तो वाचून हडपसरच्या सुवार्ताबाईंनी ते पाठवले होते. मजकूर चार ओळींचा होता. घरात शिशाचा एक जुना बिल्ला आहे, चर्चचा आहे, त्यावरची अक्षरे कोणाला लागत नाहीत. शेवटची ओळ अशी होती : 'मी बाहत्तर वर्षांची आहे. बिल्ला काय म्हणतो ते कळले म्हणजे मला एक गोष्ट ठरवता येईल.'

शतक संपायला काही महिने उरले होते. स्वारगेटपासून हडपसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संगणकाच्या क्लासच्या पाट्या होत्या. उसाच्या फडांना लागून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. शहर बसच्या खिडकीतून त्या मोजण्याच्या नादात माझा थांबा चुकला. शेजारी कोथिंबिरीचे रिकामे पोते घेऊन बसलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. "हडपसर मागंच ऱ्हायलं की. मघापास्नं खिडकीत काय बघताय? उतरा आता, जवळच हाय." जवळच म्हणजे पाऊण तास चालावे लागले.

सुवार्ताबाई निवृत्त परिचारिका. दोन खोल्यांचे घर, दारात तुळशीएवढ्याच निगुतीने वाढवलेला गवती चहा. त्यांनी आधी जेवायला वाढले : ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, कच्चा कांदा. बिल्ला जेवणानंतर निघाला. तो रुमालात गुंडाळलेला होता. नखाएवढ्या जाडीचा, चारी कोपरे छाटलेला, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा करडा तुकडा. एका बाजूला झिजलेली इंग्रजी अक्षरे, दुसऱ्या बाजूला तीनचा आकडा.

घरातली समजूत त्यांनी सांगितली. पणजोबा यशवंत मिशनच्या छापखान्यात पुस्तकबांधणी करीत. ते दारू पीत, म्हणून मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) त्यांना तीनदा ताकीद दिली आणि तिसऱ्या ताकिदीला हा बिल्ला हातावर ठेवून बाहेर काढले. तीनचा आकडा त्याचाच. तेव्हापासून या घरातल्या कोणी प्रभुभोजन (भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा विधी) घेतलेले नाही. आजोबांनी नाही, वडिलांनी नाही. सुवार्ताबाई दर रविवारी चर्चमध्ये जातात, गातात, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर वाटायची वेळ आली की बाकावर बसून राहतात. कोणी मनाई केलेली नव्हती. नव्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) एकदा कारण विचारले, तेव्हा "आमच्या घराला नाही," एवढेच त्या म्हणाल्या होत्या. येत्या रविवारी प्रभुभोजन होते. त्याआधी त्यांना खरे काय ते हवे होते.

मी संध्याकाळभर अक्षरांशी झटलो. पहिले अक्षर 'एम', पुढे आणखी दोन. ही पाळकाच्या नावाची आद्याक्षरे, असे धरून मी सुवार्ताबाईंजवळच्या चर्चच्या स्मरणिकेतली जुन्या पाळकांची यादी दोनदा तपासली. 'एम'ने सुरू होणारा कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिलिंदकडे गेलो. हा मूळचा वर्ध्याचा, हडपसरच्या एका संगणक कंपनीत नोकरीला. माझ्या लेखातली एक चूक दाखवणारे पत्र त्याने पाठवले होते, तेवढीच आमची ओळख. भाड्याच्या खोलीत बुद्धाची लहान मूर्ती, एक संगणक आणि खणाखणांच्या डब्यांत नाणी, टोकन, गिरणीचे बिल्ले. त्याने बिल्ला नखाने हलकेच दाबून पाहिला आणि सुवार्ताबाईंकडे वळला.

"आजी, याला चिंच लावता का?"

दर नाताळला तांब्याच्या भांड्यांबरोबर लावते, असे त्यांनी सांगितले.

"मग यावरचे सालाचे आकडे तुम्हीच धुतलेत. हे शिसं आहे, तांबं नाही."

त्याने बिल्ल्यावर टाल्कम पावडर पसरली, जादाची फुंकून टाकली आणि टेबलावरचा दिवा आडवा धरला. तिरप्या उजेडात झिजलेल्या रेषा पांढऱ्या होऊन वर आल्या. सालाचे पहिले दोन आकडे तेवढे शाबूत होते. मिलिंद हसला. कंपनीत तो दिवसभर उलटे काम करी. तिथल्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे होते आणि पहिले दोन त्याला भरावे लागत.

माझा घोळ त्याने एका वाक्यात मिटवला. असल्या बिल्ल्यांवर पहिला 'एम' पुष्कळदा नावाचा नसतो, तो नुसता 'मिस्टर' असतो. उरलेल्या दोन अक्षरांचा पाळक यादीत चौथाच होता. आपले ज्ञान तो कुठेही मिरवत नव्हता. जिथे खात्री नव्हती तिथे 'बहुधा' म्हणत होता. बातमीदारीत हा गुण मी फार कमी पाहिला आहे.

मग त्याने आकड्याकडे बोट नेले. स्कॉटलंडकडच्या त्या मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला लांब टेबल मांडत. सगळे एकदम मावत नसत, म्हणून पाळीपाळीने बसवत. "तीन म्हणजे तिसरी पंगत, आजी. ताकीद नाही." आदल्या आठवड्यात मंडळीचे वडील (निवडलेले ज्येष्ठ सभासद) घरोघर जाऊन चौकशी करीत. ज्याचे वागणे त्यांना पटे त्यालाच बिल्ला मिळे. ज्याला बाहेर ठेवायचे त्याला तो मिळतच नसे. आणि पंगतीला बसताना बिल्ला परत द्यावा लागे.

सुवार्ताबाईंनी बिल्ला उचलून दिव्याजवळ धरला. नंतर त्यांनी विचारले, की हा दुसऱ्या कोणाचा असला तर?

मिलिंदने मान डोलावली. शंका रास्त होती. आकड्याच्या बाजूला, कडेला लागून काही बारीक ओरखडे होते, ते त्याला मोडीसारखे वाटत होते. पण मोडी त्याला येत नव्हती.

म्हणून शनिवारी सकाळी शनिवार पेठेत गेलो. कागदाच्या दुकानावरच्या माडीवर मराठे नावाचे गृहस्थ जुनी खरेदीखते वाचून देतात. त्यांनी भिंग लावले.

"शिशावर मोडी. कागद महाग होता वाटतं."

ओरखडे त्यांनी तीन वेळा, बिल्ला फिरवून फिरवून पाहिले. नंतर भिंग ठेवले आणि सांगितले, "यशवंत दाजी. दाभणानं कोरलंय. हात सवयीचा आहे." दाभण बांधणीवाल्याचेच हत्यार, आणि पणजोबांच्या वडिलांचे नाव दाजी. सुवार्ताबाईंनी विचारले, माणूस कसा होता ते काही कळते का? मराठे चहाचे कप पुढे सरकवत म्हणाले, "अहो, मी नाव वाचून दिलं. स्वभाव कडेवर मावत नाही."

परतताना मिलिंदकडे पुन्हा थांबलो. त्याने कागद ठेवून शिसपेन्सिलीने बिल्ल्याचे दोन्ही बाजूंचे ठसे घेतले आणि हाती आलेला निष्कर्ष सावकाश मांडला. यशवंतला बिल्ला मिळाला, म्हणजे त्या आठवड्यात मंडळीने त्याला आपला मानले होते. मागाहून काढले असते तर बिल्ला काढून घेतला असता. तो घरात राहिला, याचा अर्थ यशवंत पंगतीला गेला नाही. "आजारी होता, भांडण होतं, की स्वतःलाच लायक समजला नाही, ते शिसं सांगणार नाही. मीही सांगणार नाही."

असा बिल्ला मिलिंदच्या संग्रहात नव्हता. तो त्याने मागितला नाही, पण त्याची नजर त्यावरून हलत नव्हती, हे सुवार्ताबाईंनाही दिसले असावे. त्या म्हणाल्या, "तुला दिला असता रे. पण हा परत करायचा राहिलाय."

त्या संध्याकाळी त्या पाळकांना भेटल्या. पाळक नगरकडचे, तिशीतले. बिल्ल्याची गरज नाही, तुम्ही नुसत्या या, असे त्यांनी दोनदा समजावले. सुवार्ताबाईंनी ऐकून घेतले.

रविवारी चर्च अर्धेअधिक भरले होते. मी मागच्या बाकावर होतो. मिलिंदला कंपनीने कामावर बोलावले होते. भाकरीची वेळ झाली आणि लोक ओळीने पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकू लागले. सुवार्ताबाई उठल्या, तेव्हा शेजारच्या बाईंनी वाट देण्याऐवजी त्यांच्याकडे पाहिले. सुवार्ताबाईंना बरे वाटत नाही, असा त्या बाईंचा समज झाला असावा. मग त्यांनी पाय आत घेतले.

कठड्याशी सुवार्ताबाईंनी तळहात उघडला. पाळकांच्या एका हातात ताट होते. क्षणभर ते थांबले. मग त्यांनी बिल्ला उचलला, झग्याच्या खिशात ठेवला आणि भाकरीचा तुकडा त्याच तळहातावर ठेवला.

बाहेर आल्यावर बोलायला लोक जमले होते. त्यातून वाट काढून सुवार्ताबाई माझ्याजवळ आल्या. "पणजोबांचा निरोप पोचवला," त्या म्हणाल्या. "आता जेवून जा."

संध्याकाळच्या गाडीने कोल्हापूरला परतलो. संपादकांनी पहिल्यांदा बिल्ल्याचे छायाचित्र मागितले. ते नाही. मिलिंदने घेतलेला पेन्सिलीचा ठसा आहे, तोच इथे छापला आहे. जुनी वस्तू सापडली की ती ओळखावी, टिपून ठेवावी आणि जपावी, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. या वस्तूची ओळख पटली तेव्हा कळले, की ती जपण्यासाठी केलेलीच नव्हती. ती एका टेबलापर्यंत पोचण्यासाठी केली होती. मधे तीन पिढ्या गेल्या, एवढेच.