दोन मिलिमीटरसाठी सोडलेली बस: धुळ्यात केलेलं रूट कॅनाल

पुण्यातल्या दंतवैद्यांनी कागदावर दोनच आकडे लिहिले. रूट कॅनाल साडेसात हजार, कॅप नऊ हजार. खालची उजवी दाढ, आतून किडलेली. "आता केलं तर वाचेल. तीन महिन्यांनी आलात तर काढावी लागेल," ते म्हणाले. मी कागदाची घडी घातली आणि विचार करून सांगते म्हटलं. त्या महिन्यात माझ्याकडे साडेसोळा हजार नव्हते. दाढ मात्र ठेवायची होती.

माझी मावशी एरंडोलला असते. तिनेच फोनवर सांगितलं, की धुळ्याला दातांचं कॉलेज आहे, गावोगावचे लोक तिथेच जातात. मी आधी फोन करून तीन प्रश्न विचारले: दाढेचं रूट कॅनाल कोण करतं, एकूण किती वेळा यावं लागेल, कॅपसहित खर्च किती. उत्तरं अशी मिळाली: पदव्युत्तर विद्यार्थी करतात, तीन ते चार वेळा, साधारण साडेतीन हजार. शेवटचं उत्तर मी दोनदा विचारून घेतलं.

मंगळवारी सकाळी साडेसहाची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट असल्याने पुणे-धुळे प्रवास तीनशेच्या आत होतो. नाशिकपर्यंत रस्ता कंटाळवाणा. मालेगावनंतर मोकळी जमीन आणि वेचणी संपत आलेली कपाशी दिसू लागते. तिथून मला बरं वाटायला लागतं. धुळ्याहून एरंडोल सव्वा ते दीड तास, पारोळ्यावरून. जळगावकडे जाणारी कोणतीही गाडी चालते.

मावशीने दारातच विचारलं, "पुण्याहून दाढ घेऊन आली? तिकडची दुकानं बंद पडली का?"

"महाग आहेत."

"मग असं कर, दाढ इथंच ठेव, तू परत जा."

बुधवारी नऊच्या आत कॉलेजमध्ये पोहोचा, असं मी तुम्हालाही सांगेन. केस पेपर काढायची रांग दहानंतर दुप्पट होते. रांगेत माझ्यापुढे पिंपळनेरच्या एक अक्का होत्या, कवळी करायला आलेल्या. समोरचे तीन दात शिल्लक, तेही काळेभोर. त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत चिडून बाहेर आल्या.

"डागदरकडे येवानं व्हतं म्हनीसन दोनदाव मिशरी लायी मी," त्या मला म्हणाल्या. "तरी म्हनस, धुई ये!"

डॉक्टरांकडे जायचं म्हणून दात नीट घासून यावेत, आणि घासायचे ते भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने. त्यांच्या बाजूने यात काही चूक नव्हती. डॉक्टरांनी धुऊन यायला सांगितलं म्हणून नळावर चूळ भरून आल्यावर त्यांनी माझी चौकशी केली.

"तू कथाईन उनी?"

"पुण्याहून."

"पुनामा डागदर नहीत का?"

मी दर सांगितला. अक्कांनी तोंडाला पदर लावला आणि बराच वेळ हसल्या.

माझी केस डॉ. शाहीनकडे आली. धुळ्याचीच, माझ्याच वयाची, वडील यंत्रमागावर काम करतात. तिने एक्स-रे काढला, भूल दिली, दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला आणि काम सुरू केलं. मग थांबली. हातात एक्स-रे घेऊन शिकवणाऱ्या सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. तिच्यापुढे आणखी चार विद्यार्थी होते.

इथली पद्धत अशी आहे. कीड काढली की सही. मुळांतल्या नळ्या सापडल्या की सही. लांबी मोजली की सही. सरांनी पाहिल्याशिवाय पुढची पायरी करता येत नाही. पुण्यात तासाभरात होणाऱ्या कामाला इथे सकाळ जाते, त्यातला निम्मा वेळ तुम्ही तोंड उघडं ठेवून छताकडे पाहत असता. मी चाकणच्या एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग मोजून पास-नापास करते. ही सहीची रांग मला ओळखीची होती. फक्त या वेळी तपासला जाणारा भाग माझ्या तोंडात होता.

गुरुवार मोकळा होता. मावशीबरोबर पद्मालयाच्या गणपतीला जाऊन आले. देवळाशेजारच्या तळ्यावर गर्दी नव्हती. खिचडी डाव्या बाजूने खाल्ली.

शुक्रवारी नळ्या भरायच्या होत्या. ते झालं की तीनची पुण्याची बस. शनिवारी आमच्या कंपनीत ग्राहकाचं ऑडिट होतं आणि साहेबांना मी येते म्हणून शब्द दिला होता. साडेबाराला शाहीनने शेवटचा एक्स-रे काढला आणि रांगेत गेली. परत आली ती सरांना घेऊनच.

सर साठीचे, आवाज अगदी हळू. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मोज."

"दीड मिलिमीटर कमी आहे, सर."

"पुन्हा मोज."

तिने पट्टी लावली. "दोन."

"मघाशी दीड का म्हणालीस?"

तिने पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "पेशंटला गाडी आहे, सर. तीनची."

पुढच्या मुळातल्या एका नळीत भराव टोकापर्यंत गेला नव्हता. सर माझ्याकडे वळले. "ताई, बाहेर कुणीही म्हणेल चालून जाईल. कदाचित चालेलही. पण त्या रिकाम्या जागेत पुन्हा पू झाला, तर ही दाढ तुम्ही कायमची घालवाल. काढून नव्याने भरायला उद्याची सकाळ लागेल. तुमची दाढ आहे, तुम्ही सांगा."

पडद्यामुळे मला बोलता येत नव्हतं. मला राग आला होता, हे लिहायला हरकत नाही. चार रजा, दिलेला शब्द, काढलेलं तिकीट. पण एक्स-रे माझ्या डोळ्यांसमोर होता आणि दोन मिलिमीटर मला पट्टीशिवाय दिसतात. मी हाताने थांबते अशी खूण केली.

बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. ओठ बधिर होता.

"दातासाठी ऑडिट सोडतेस?"

"दोन मिलिमीटर कमी भरलंय, सर. पुन्हा करतायत."

त्यांची वीस वर्षं मोजमापातच गेली आहेत. "मग राहा," ते म्हणाले.

मावशीला मात्र आनंद झाला. "बरं झालं नापास केलं. नाहीतर भरीत न खाता पळाली असती." संध्याकाळी अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून तिने हिरवी वांगी भाजली, लाकडी भांड्यात मुसळाने ठेचली. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली भाकरी. भरीत मऊ असतं, पण त्यातल्या मिरचीला दाढ कुठली ते कळत नाही.

शनिवारी शाहीनने जुना भराव काढायला दीड तास घेतला. एकदाही घड्याळ पाहिलं नाही. नवा एक्स-रे सरांनी उजेडासमोर धरला आणि सही केली. ती माझ्यापेक्षा जास्त खूश दिसत होती. "ही माझी या वर्षीची सगळ्यात लांबलेली केस आहे," ती म्हणाली. मी दोन्ही एक्स-रेंचे फोटो मागितले. पहिला देताना ती जरा घुटमळली, मग दिला. कॅपचं माप देऊन दुपारची बस घेतली, आणि दोन आठवड्यांनी एका फेरीत कॅप बसवून आले.

हिशेब सरळ आहे. उपचार तेहतीसशे, दोन फेऱ्यांचा प्रवास सतराशे. एकूण पाच हजार. त्यात सात रजा मिळवा. रजेचे पैसे कापले जात असतील, तर पुणे-मुंबईहून इथे येणं परवडणार नाही. तुमच्या शहरातलं दंत महाविद्यालय शोधा, पद्धत हीच असते. सूज किंवा ताप असेल तर वाट पाहू नका, जवळचा डॉक्टर गाठा. धुळ्यात स्टँडजवळ लॉज आहेत. मी राहिले नाही, म्हणून त्यांच्याबद्दल काही सांगत नाही.

मला आता दोन्ही बाजूंनी खाता येतं. फोनमधली प्रवासाची बाकी छायाचित्रं मी काढून टाकली, ते दोन एक्स-रे ठेवले. कॅन्टीनमध्ये कुणी विचारतं, स्वस्तातलं काम नीट झालं का? मी आधी पहिला फोटो दाखवते, मग दुसरा.