किसनभाऊची दगडी पेटी

त्या दिवशी पेटी उघडायची पाळी माझी होती. शाळा सुटल्यावर तीन मैल चिखल तुडवत फाट्यावर आलो, नेहमीप्रमाणे पेटीच्या माथ्यावर किल्लीने दोनदा ठोकलं आणि मागचं दार उघडलं. आत दोन अंतर्देशीय पत्रं होती आणि एक पोस्टकार्ड. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे अशा कार्डात काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच कळतं, फक्त नाव वाचायचं राहतं. अक्षर सुशीलाचं होतं. सुशीला म्हणजे किसनभाऊची मुलगी, चंद्रपूरकडे सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ‘बाबा मंगळवारी सकाळी गेले. चहा मागितला आणि मी करून आणेपर्यंत गेले. त्रास झाला नाही. सर्वांना कळवावे...’ किसनभाऊ जाऊन चार दिवस झाले होते आणि ती बातमी त्यानेच बांधलेल्या पेटीतून माझ्या हातात आली होती. असं कार्ड घरात नेत नाहीत. वाचून तिथेच नाहीसं करतात. मी त्याचं काय केलं ते शेवटी सांगतो. त्याआधी दुसऱ्या एका पत्राबद्दल सांगायला हवं. ते न सांगता किसनभाऊबद्दल चांगलं लिहायला बसलो तर तो मला वरून हाक मारील, ‘मास्तर, आधीचं काहून गाळलं?’

आमचं गाव शेलूबाजारच्या रस्त्यापासून तीन मैल आत. वाट काळ्या मातीची, पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागते. त्यामुळे पोस्टमन फाट्यापर्यंतच यायचा आणि गावाची डाक गुलाबभाऊच्या हॉटेलात ठेवून जायचा. गुलाबभाऊ जातीचा माळी. वांगी-मिरचीचा मळा भावावर सोपवून त्याने फाट्यावर चहा-भज्यांचं दुकान टाकलं होतं. गावातलं जे कोणी एस.टी.तून उतरेल त्याच्या हातात तो गठ्ठा द्यायचा. कोणाला दिला हे त्याच्या लक्षात राहत नसे, राहायचं कारणही नव्हतं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी सुशीला मॅट्रिक झाली आणि तिने नर्सिंगसाठी अर्ज केला. किसनभाऊ रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन विचारायचा, ‘मास्तर, आलं का गा काही?’ मी म्हणायचो, येईल. पत्र आलं होतं. ते आलं त्या दिवशी गठ्ठा माझ्याच हातात पडला होता. आभाळ भरून आलं होतं म्हणून पत्रं भिजू नयेत अशा काळजीने मी ती शाळेच्या हजेरीपटात घातली. घरी आल्यावर बाकीची काढून वाटली. एक पानांत अडकून राहिलं. महिनाअखेर हजेरीची बेरीज करताना ते सापडलं तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून सहा दिवस झाले होते.

त्याच दुपारी उठून मी ते किसनभाऊकडे न्यायला हवं होतं. मी उठलो नाही. उद्या नेऊ म्हटलं, परवा म्हटलं... आणि तिसऱ्या दिवशी पोस्टमन फाट्यावर सांगून गेला की दवाखान्याच्या शिक्क्याचं पाकीट त्याने स्वतः हॉटेलात ठेवलं होतं. मग सगळं गाव गुलाबभाऊवर उलटलं. किसनभाऊ तर त्याच्या चुलीपुढे उभा राहून ओरडला, ‘माह्या पोरीचा कागद भट्टीत घातला तुनं!’ गुलाबभाऊ शपथा घेत होता. मी तिथे उभा होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मास्तर काय म्हणतो याला गावात किंमत होती. मी म्हणालो, ‘झालं ते झालं, आता पुढचं पाहू.’ मोठ्या समजूतदारपणाने म्हणालो. त्या दिवसापासून आमच्या गावच्या माणसाने गुलाबभाऊकडचा चहा सोडला. एस.टी.तून उतरायचं, मान खाली घालायची आणि गावाची वाट धरायची. भजी घेतलीच कोणी तर तो कागद उलगडून बघायचा, आपलं नाव तर नाही ना.

आणि पुढचं पाहायचं म्हणून किसनभाऊने पेटी बांधायचं ठरवलं.

सरकारी नव्हे, गावाची. पोस्टमनने वरून पत्रं टाकायची, आपण मागून काढायची. मध्ये कोणाचा हात नको. पहिली पेटी लाकडाची केली, ती एका वर्षात वाळवीने खाल्ली. दुसरी पत्र्याची, खांबावर ठोकलेली. उन्हाळ्यात ती इतकी तापायची की पाकिटांचा डिंक सुटून पत्रं एकमेकांना चिकटायची. शेवटी फाट्यावर थांबलेल्या गाडीच्या बैलाने मान खाजवून खांबासकट आडवी केली. तोवर दुष्काळी कामावर दगड फोडता फोडता किसनभाऊ बांधकाम शिकला होता. ‘आता दगडाचीच करतो,’ तो म्हणाला. ‘बैल थकंन, पेटी नाही थकनार.’

काळा दगड त्याने खाणीतून निवडून आणला. चुना मळला. बुड रुंद आणि वर निमुळती, म्हणजे बैलाला अंग घासायला कोपराच मिळू नये. पत्र टाकायच्या फटीला गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव ठोकून बसवली आणि वर दगडाची पुढे आलेली कड काढली, पावसाचं पाणी पुढे पडावं म्हणून. मागचं दार रस्त्याच्या डांबराच्या रिकाम्या पिंपाच्या पत्र्याचं. आतला तळ उताराचा, त्याला दोन भोकं. एवढं करून त्याने पहिल्या दिवशी आत हात घातला तर विंचू निघाला. तेव्हापासून माथ्यावर दोनदा ठोकून मगच दार उघडायचा. म्हणायचा, ‘डाक आपली हाये, पन घर त्याचं हाये. वाजवून जा लागते.’ मी सुट्टीच्या दिवशी जाऊन दगड उचलू लागायचो, चुना कालवायचो. लोक म्हणायचे, मास्तरासारखा मास्तर पाहिला नाही. मी अजून एक दगड उचलायचो.

पेटी उभी राहिली आणि पोस्टाची म्हणून तिला लाल रंग दिला. तिथेच आमची चूक झाली. आठ दिवसांत तिच्या कपाळावर शेंदूर चढला. फाट्यावरचा लाल दगड, त्याला तोंडासारखी फट... कारंज्याच्या बाजाराला जाणाऱ्या जीपमधल्या बायांनी नारळ फोडला, कोणी तेल घातलं, कोणी गूळ-फुटाणे थेट फटीतून आत सोडले. पत्रांना मुंग्या लागल्या. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून ज्याच्या घरात देव नव्हता तो किसनभाऊ पेटीसमोर कपाळाला हात लावून बसला होता. तेवढ्यात समोरच्या हॉटेलातून गुलाबभाऊ ओरडला, ‘काहो किसनभाऊ, देव तं सोडले होते नं तुमी? आता नवे घडवून राह्यले का?’

दोन-तीन वर्षांत दोघांमधला हा पहिला शब्द होता. मला वाटलं आता जुंपणार. किसनभाऊ म्हणाला, ‘मंग निळी रंगवू का? गावातले अर्धे म्हनतीन, झेंडा गाडला.’

‘पांढरी करा, वरतून पिवळी टोपी काढा,’ गुलाबभाऊ कढई ढवळत म्हणाला. ‘मैलाच्या दगडाले कोनी नारळ फोडत नाही.’

आणि तेच खरं ठरलं. पांढऱ्या रंगावर मी काळ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली ‘डाक’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून हात जोडणं बंद. फार तर एखादा जीपवाला थांबून विचारायचा, ह्याच्यावर मैल काहून नाही लिहिले? किसनभाऊने गुलाबभाऊचं ऐकलं, पण चहा प्यायला गेला नाही. आणि ज्याच्यावर डाक जाळल्याचा आळ होता त्यानेच ती वाचवायची युक्ती सांगितली, हे ज्या एकट्याला कळत होतं तो मी रंगाचा ब्रश धुवत बसलो.

सुशीलाचं दुसऱ्या खेपेचं पत्र पहिल्या लाकडी पेटीतच आलं होतं. ती शिकली, नोकरीला लागली. मी मनाला समजावलं की कुणाचं काही बिघडलं नाही, एक वर्ष गेलं इतकंच. पहिलं पाकीट मात्र माझ्या ट्रंकेत तळाशी होतं. ते मला फाडवत नव्हतं आणि देववतही नव्हतं.

यंदा फाल्गुनात किसनभाऊ लेकीकडे कायमचा राहायला निघाला. छातीचं दुखणं होतं. दुपारी मी भेटायला गेलो. त्याने गाठोडं बांधता बांधता कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘ही आता तुमच्याजवळ. तुमच्या हातून कागद हरपत नाही.’

मी किल्ली परत त्याच्या हातात ठेवली आणि घरी जाऊन ट्रंकेतलं पाकीट घेऊन आलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. त्याने पाकीट हातात घेऊन शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

‘सुशीचं एक वरीस गेलं,’ तो म्हणाला. ‘ते तिनं भरून काढलं. तिले मी सांगीन. पन गुलाबचे सात गेले. मले कायले सांगून राह्यले मास्तर? त्याले सांगा नं. चाला, मीबी येतो. त्याले भट्टीपाशी वाईटवकटं तं म्याच बोललो.’

भर उन्हात, छाती दुखत असताना, तो तीन मैल चालला. फाट्यावर पोचल्यावर म्हणाला, ‘टाका त्याले पेटीत. डाक हाये, ठिकानावर पडू द्या.’ मी ते सात वर्षांपूर्वीचं पाकीट फटीतून आत सोडलं. मग त्याने गुलाबभाऊला हाक मारली, त्याच्या हातात किल्ली दिली आणि दार उघडायला लावलं. गुलाबभाऊला वाचता येत नाही, पण त्या दवाखान्याच्या शिक्क्याचं वर्णन गावात इतक्या वेळा झालं होतं की त्याने तो लगेच ओळखला. मी सगळं सांगितलं. हजेरीपट, ट्रंक, आणि मी म्हटलेलं ते ‘झालं ते झालं’.

गुलाबभाऊ खाली बसला. ‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘माहा बाप मेला तवा तुमच्या गावातून चार मानसं नाही आले.’ मग किसनभाऊ म्हणाला, ‘मीबी नाही आलो गा. माहंबी चुकलं.’

‘गावात सांगसान का हे?’ गुलाबभाऊने मला विचारलं.

‘सांगतो. आजच.’

‘मंग बसा. चहा पाजतो.’ उठता उठता तो पुटपुटला, ‘सात वर्सं माह्या भज्याचे कागद वाचले लोकायनं. माह्यापेक्षा तेच जास्त शिकले!’ किसनभाऊला हसताना खोकला आला, खोकताना आणखी हसू आलं. मीही हसलो. सात वर्षांनी त्या बाकावर बसून चहा घेतला.

संध्याकाळी पारावर उभं राहून मी गावाला सांगितलं. दोघे-तिघे अजून माझ्याशी बोलत नाहीत, ते योग्यच आहे. पण आता एस.टी.तून उतरलेला माणूस बाकावर टेकतो आणि पेटीची किल्ली गावात पाळीपाळीने फिरते. किसनभाऊ गेला तो चार महिन्यांनी. मी उद्यावर टाकत राहिलो असतो तर... हा विचार आजही येतो. जाण्याआधी त्याने माझ्याकडून माझं काम करून घेतलं.

तर ते कोपरा फाडलेलं कार्ड. मी ते घेऊन रस्ता ओलांडला. गुलाबभाऊने कोपरा पाहिला, नाव विचारलं, मी सांगितलं. त्याने खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. मग हात पुढे केला. ‘द्या. घरी नेत नसतेत ते.’

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते भट्टीत सोडलं. आमच्या गावाच्या डाकेतला तेवढा एकच कागद त्या चुलीत जळला, तोही मी स्वतः दिलेला.

परवा पुन्हा माझी पाळी होती. डोक्यात काहीबाही होतं, किल्ली सरळ कुलपात घातली. पलीकडून हाक आली, ‘ओ मास्तर! ठोका नं आधी!’ मी किल्ली बाहेर काढली आणि पिवळ्या माथ्यावर दोनदा ठोकलं.