दगडाखालची झोप
वटवाघळांचा आणि ओल्या चुन्याचा वास आला की मला औशाचा किल्ला आठवतो. बारावीच्या क्लाससाठी मी लातूरला मावशीकडे राहत होते. भूकंपात गावाकडचं तिचं दगडी घर पडलं, तेव्हापासून ती पत्र्याखालीच झोपायची आणि तिथंही सारखी दचकून उठायची. एका रविवारी मी हट्टानं तिला किल्ला बघायला नेलं. एका दालनाच्या दारात ती अडली. वर दगडी छत, आत गार अंधार. "त्या टायमाला हे पडलं न्हाई?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं. "न्हाई मावशी, खडाबी हलला न्हाई," तो म्हणाला. तिनं चपला बाहेर काढल्या, भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग "जरा पाठ टेकते गं," म्हणत पदर अंथरून आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. येणारीजाणारी माणसं आपला आवाज घुमतो का बघायला ओरडायची. मी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प करत बसले. ऊन उतरलं, तसा पहारेकरी किल्ल्या घेऊन आला, त्यानं तिच्याकडं बघितलं आणि बाकीची दारं आधी लावायला निघून गेला. आजही कुठल्या किल्ल्यात तो वास आला की लोक नाकाला रुमाल लावतात. माझे मात्र डोळे जड होतात.