जागेवरची सायकल

गुडघे धरले तेव्हा मुलानं मला कवठे येमाईहून दौंडला नेलं. तो रेल्वेत, क्वार्टर वरच्या मजल्यावर. डॉक्टर म्हणाला, गुडघ्यावर भार न देता पाय हलवत ठेवा. आठवड्यात घरात सायकल आली, जागेवरच फिरणारी.

लहानपणी मी मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालले आहे. त्याच पायांनी आता भिंतीकडं तोंड करून पायडल मारायचे. दहा मिनिटांत अंग घामानं निथळायचं, वाऱ्याची झुळूक नाही. सीट अशी की उतरल्यावर जेवायला बसवत नसे. खालची बाई दोनदा वर येऊन सांगून गेली, डोक्यावर गिरणी चालल्यासारखं वाटतं. सून म्हणाली, आत्या, लुगडं अडकेल, गाऊन घाला. मी कासोटा घट्ट खोचून बसले. माझं लुगडं कधी अडकलं नाही. तिचाच गाऊन एकदा पायडलात अडकून फाटला.

मला गावी परत जायचं होतं. तिथं माझं घर होतं, दोन शेळ्या जावेकडं सोडून आले होते. मुलगा म्हणाला, "अर्धा तास न थांबता चालव, त्याच दिवशी गावाला सोडतो." म्हणून चालवली, नाहीतर हात लावला नसता. चार महिन्यांत सूज उतरली, कठडा न धरता जिना उतरू लागले. हे सायकलीनं केलं, नाही म्हणत नाही.

अर्धा तास भरला त्या दिवशी सुनेला घड्याळ धरून बसवलं होतं. मुलगा ड्युटीवरून आला, म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणाला, थंडीत गुडघे धरतात. संक्रांतीला म्हणाला, "तिथं तुझं कोण हाय? इथं काय कमी हाय?"

"कमी काय न्हाई. तू शब्द दिला व्हता."

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

पाला दाखवत मेंढरं जाळीच्या आत घ्यायची आणि जाळी लावून टाकायची, हे मी जन्मभर केलं. पोटचा पोरगा माझ्याशी तेच करील असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनेला सांगून, पिशवी घेऊन गावी जायला शिरूरची एसटी धरली. गाडीच्या उंच पायऱ्या कुणाचा हात न धरता चढले.

पावसाळ्यापर्यंत बरं चाललं. मग गुडघे पुन्हा सुजले. शेजारच्या घरातून फोन करून मुलाला सांगितलं, ती सायकल पाठव, इथं चालवते.

तो म्हणाला, "सायकल इथंच राहील, आई. पाय बरे करायचे असतील तर तू ये."

मी फोन ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी खाटेच्या कडेला बसून पाय हवेत फिरवते. सायकलीइतका गुण येत नाही. दौंडला मात्र गेले नाही.