दादाचा पहिला मासा

दादा गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, कंपनीतून फोन होता. तुमचे भाऊ कँटीनमध्ये पडले… गेले." मला लगेच रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की नक्की कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असणार. पुढे कळलं, तसंच होतं. जेवणाच्या टेबलावर दोन नव्या इंजिनिअर पोरांना तो आमटीला फोडणी कशी द्यावी ते सांगत होता. घरी त्याने कधी स्टोव्हसुद्धा पेटवला नव्हता.

याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत माझ्या भावाबद्दल मी इतकं गोड ऐकलंय, की हा माणूस नक्की कोण होता असा प्रश्न पडावा. अभ्यासू काय, दिलदार काय, दूरदृष्टीचा काय… मी त्याची सख्खी धाकटी बहीण. सोळा वर्षं एका खोलीत वाढलो. मला जो माहीत आहे त्याच्याबद्दल लिहिते.

वडील गुहागरकडचं घर सोडून पिंपरीत आले तेव्हा हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी होती आणि मध्येच कुठे एखाद्या कंपनीची भिंत उभी राहत होती. वडील हेल्पर होते, हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले. दादा ॲप्रेंटिस म्हणून लागला, फिटर झाला, मग सुपरवायझर. सुपरवायझर झाला त्या आठवड्यापासून त्याला फिटर दिसेनासे झाले. कालपर्यंत ज्यांच्या डब्यात हात घालायचा त्यांना तो 'हे लोक' म्हणू लागला. वडील कोकणी हेल काढून बोलले की पाहुण्यांसमोर त्यांचं वाक्य स्वतः पुन्हा बोलून दाखवायचा, शुद्ध करून. वडील हसायचे. मला मात्र त्या हसण्याची फार चीड यायची.

लग्न त्याने आमच्याच भागातल्या मुलीशी केलं. वहिनींच्या माहेरचं परसदार थेट समुद्राच्या पुळणीवर उघडायचं. दादा त्यांची ओळख करून देताना म्हणायचा, "शिक्षण नाही, पण सुगरण आहे." वहिनी सातवी झालेल्या होत्या आणि घरात येणारं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्याच होत्या. दादा मथळे वाचायचा आणि मग दिवसभर मतं सांगायचा.

खाऱ्या पाण्याच्या माशांचं वेड त्याला कुठून लागलं ते सांगते. त्याच्या वरच्या साहेबांच्या बंगल्यात माशांची पेटी होती, गोड्या पाण्याची, साधे सोनेरी मासे. दादाला सुपरिंटेंडेंट व्हायचं होतं. साहेबांकडे जे आहे त्याच्यापेक्षा एक पायरी वरचं आपल्याकडे असावं आणि ते साहेबांनी बघावं, एवढाच त्यामागचा विचार. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, कंपनीच्याच वेळात, 'या लोकां'कडून त्याने लोखंडी अँगलची चार फुटी चौकट करून घेतली, काचा बसवून घेतल्या, आणि मुंबईला जाणाऱ्या टेम्पोतून समुद्राचं पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून आणवलं. पेटी चिंचवडच्या घरात पुढच्या खोलीत मांडली. पंप परदेशी होता, हे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा.

मासे आणायच्या आधी दादा, वहिनी आणि मी मुंबईला एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो होतो. दुकान चिंचोळं, ओल्या रेतीचा वास येणारं. म्हातारा म्हणाला, "साहेब, नवीन पाण्यात अजून जीव नाही. माशांची घाण पचवायची ताकद पाण्यात यावी लागते. महिना-दीड महिना पंप चालू ठेवा, पाणी मुरू द्या. मग एकच मासा सोडा, लहान, चिवट. तो जगला की पुढचं." हे तो सांगत असताना दादा पिवळ्या माशांकडे बोट दाखवून भाव विचारत होता. वहिनी ऐकत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "पाणी मुरलं हे कळायचं कसं?" म्हातारा त्यांच्याकडे वळून बसला आणि पुढचा अर्धा तास त्यांच्याशीच बोलला.

कंपनीला गुरुवारची सुट्टी. पेटीत पाणी भरून नऊ दिवस झाले होते, तेव्हा दादाने साहेबांना येत्या गुरुवारी जेवायला बोलावलं आणि सात मासे मागवले. पिवळे, नारिंगी, काळ्या पट्ट्यांचे. आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "अहो, अजून निदान तीन आठवडे थांबा. ते आजोबा काय म्हणाले होते…"

दादाने मान वर न करताच उत्तर दिलं. "तू मासे खाणाऱ्या घरातली. पाळायचे कसे ते मला शिकवू नकोस."

मी तिथेच भाजी निवडत होते. म्हाताऱ्याचं बोलणं मीही ऐकलं होतं. मी गप्प बसले.

गुरुवारी साहेब आणि त्यांच्या पत्नी आल्या. माशांच्या पिशव्या आधी बंदच पाण्यावर तरंगत ठेवायच्या असतात, बाहेरच्या आणि आतल्या पाण्याचं तापमान सारखं व्हायला. दादाने साहेबांना खुर्चीवर बसवलं, कात्री घेतली, आणि उद्घाटनाची फीत कापावी तशी एकेक पिशवी कापून मासे ओतले. टाळ्या झाल्या. मासे थोडा वेळ वेड्यासारखे फिरले, मग सगळे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले. दादा म्हणाला, "बघा, ओळखायला लागले." पुऱ्या घेऊन आलेल्या वहिनी तिथेच थबकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आत गेल्या.

श्रीखंड वाढलं तोवर एक मासा आडवा झाला होता. बडीशेप येईपर्यंत आणखी दोन. साहेबांच्या पत्नी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "प्रवासाने दमले असतील बिचारे." आणि माझा दिलदार, दूरदृष्टीचा भाऊ हसत म्हणाला, "नाही हो. आमच्या हिने साबणाचा हात घातला असणार पाण्यात. सांगून ठेवलं होतं, हात लावू नकोस म्हणून."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले. ओले नव्हतेच ते.

शुक्रवारी सकाळपर्यंत सातही गेले. दादाने फर्मान काढलं, "पाणी ओतून टाका. पेटीत बक्षिसाचे कप मांडू." कंपनीच्या कॅरम स्पर्धेतले दोन कप होते त्याच्याकडे. मग तो विसरला, जसा तो सगळंच विसरायचा. वहिनींनी पाणी ओतलं नाही. मेलेले मासे काढले, पाणी बादल्यांत काढलं, शेजारच्या मुलांना हाताशी धरून पेटी मागच्या बाल्कनीत हलवली, तेच पाणी परत भरलं आणि पंप चालू ठेवला. मी संध्याकाळी शाळेतून जाता जाता डोकावायचे. मोकळ्या पेटीसमोर त्या तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. काचांवर आधी तपकिरी थर आला, मग तो जाऊन दगडांवर हिरवं धरलं. "बघा वन्सं," त्या म्हणाल्या, "आता वास बदलला. आमच्या परसदारी येतो तसा येतोय."

दोन महिने झाल्यावर एका सकाळी त्या एकट्या एस.टी.ने मुंबईला गेल्या आणि संध्याकाळी दोन बोटांएवढा एक निळा मासा घेऊन आल्या. येताना मला शाळेतून बरोबर घेतलं. पिशवी पाण्यावर ठेवली. दर थोड्या वेळाने पेटीतलं वाटीभर पाणी पिशवीत घालायचं आणि पुन्हा थांबायचं. तासभर आम्ही दोघी स्टुलांवर बसून होतो. शेवटी त्यांनी पिशवी तिरकी धरली. मासा लगेच बाहेर आला नाही. मग आला, थेट दगडामागे गेला, आणि तिथून नुसतं तोंड काढून बघत राहिला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच.

दादा कामावरून आला, वाकून पाहिलं. "एकच? याच्यासाठी मुंबईला गेलीस?"

पण मासा जगला. आठवडे गेले, महिने गेले, त्याला दोन सोबती आले. तेव्हा पेटी परत पुढच्या खोलीत गेली आणि दादा पाहुण्यांना सांगू लागला, "लोकांना घाई असते. पाणी मुरावं लागतं. पहिला मासा एकच सोडायचा, चिवट. मी दोन महिने थांबलो." 'मी' म्हणायचा तो. मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तुम्ही बोलत का नाही?"

"बोलून तो मासा जास्त जगणार होता का?" त्यांनी विचारलं आणि कणीक मळत राहिल्या.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी, लिहायचं माझ्या मनात नसलं तरी. एकदा वहिनी माहेरी होत्या. गुरुवार होता आणि सकाळपासून वीज नव्हती. मी डबा द्यायला गेले तर दादा बनियनवर पेटीशी उभा. मगाने पाणी काढून वरून परत ओतत होता, हवा मिसळावी म्हणून. दंडाला कळ लागली की हात बदलायचा. दुपारी चारला वीज आली तोवर हेच चाललं होतं. मी पितळेचा तांब्या पुढे केला तर म्हणाला, "पितळ नको. विष होतं, ही म्हणत होती." म्हणजे तो ऐकत होता… मग म्हणाला, "हिला सांगू नकोस." का नको, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. आज मात्र सांगून टाकते.

परवाच्या शोकसभेत कंपनीतल्या एका गृहस्थांनी त्या माशाची गोष्ट सांगितली. दादाचा संयम वगैरे. वहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मग बहीण म्हणून मला बोलायला उठवलं. मला सगळं माहीत होतं, माईक हातात होता. मी म्हणाले, "दादा फार चिकाटीचा होता," आणि खाली बसले. दादाला मी आयुष्यभर नावं ठेवली. त्या मिनिटाला मी त्याच्याहून हलकी ठरले.

म्हणून हे लिहायला घेतलं, आणि लिहिण्याआधी वहिनींना सांगायला गेले. पलंगावर दादाच्या शर्टांचा ढीग होता, कुणाला तरी द्यायला काढलेला. मी म्हणाले, "खरं ते लिहिणार आहे. चालेल?"

त्यांनी हातातल्या शर्टाची घडी घातली. "लिहा," म्हणाल्या. "पण ते वाईट होते असं लिहू नका. उथळ होते, असं लिहा."

"फरक काय पडतो?"

"वाईट माणसाबरोबर मी राहिले नसते, वन्सं."

एवढं बोलून त्यांनी पुढचा शर्ट उचलला. घडी घालण्याआधी नेहमीसारखा त्याचा खिसा चाचपून पाहिला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा.